चाँद दिसला, मोबाइलवरची वेळ बदलली का?

रमजान लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरचा जुना भाग वेगळ्या घड्याळावर चालू लागतो. दुपारी बुढीलेनमधली बरीच हॉटेलं पडदा ओढून शांत असतात. असरची नमाज झाली की भजी-समोशांच्या कढया चढतात, मगरिबला रोजा सुटतो आणि तरावीहनंतर शहागंज, सिटी चौक, रोशनगेटकडे गर्दी वाढू लागते. त्या गर्दीत फक्त रोजेदार नसतात. सिडको, गारखेड्याकडून खास नान खलिया खायला आलेली मराठी कुटुंबंही असतात आणि दुकानदार त्यांची वाट पाहत असतो.

ज्यांना ठिकाण माहीत आहे ते येतातच. प्रश्न नव्या माणसाचा आहे. वाळूजच्या कंपनीत नुकताच रुजू झालेला तरुण, वेरूळ पाहून परतलेले पर्यटक, शिकायला आलेली परभणी-बीडची मुलं. ही मंडळी कोणाला विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात. रात्री नऊला ‘नान खलिया नियर मी’ असं टाइप केलं आणि हॉटेलच्या नावाखाली लाल अक्षरांत ‘बंद’ असं दिसलं, तर कोणी फोन करून खात्री करत बसत नाही. नेमक्या त्या वेळी तिथे देग उघडली जात असते. गिऱ्हाईक मात्र निराला बाजारात पावभाजी खाऊन घरी जातं आणि हॉटेलवाल्याला याचा पत्ताही लागत नाही.

या प्रकाराला बाजारात ‘लोकल एसईओ’ असं भारदस्त नाव आहे. जवळपास काही शोधणाऱ्याला आपलं दुकान दिसावं यासाठी केलेली तजवीज, एवढाच त्याचा अर्थ. गुगल अशा शोधात तीन गोष्टी पाहतं : शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, ते किती अंतरावर आहे आणि ते किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन बऱ्याच अंशी आहेत. दुकानाची माहिती भरायची सोय, म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल, पूर्णपणे मोफत आहे.

सर्वांत आधी वेळ. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा आणि वेळा यंदा जशाच्या तशा चालत नाहीत. त्यातून पहिला रोजा कधी, हे २९ शाबानच्या संध्याकाळी चाँद दिसतो की नाही यावर ठरतं. चाँद दिसला की त्याच रात्री तरावीह आणि त्याच पहाटे सहेरी. आपल्याकडे दिवस सूर्यास्ताला बदलतो, गुगलकडे मध्यरात्री बारा वाजता. ही दोन कॅलेंडरं जुळवायचं काम दुकानदाराचं आहे. प्रोफाइलमध्ये नेहमीच्या वेळांखेरीज तारीखवार ‘विशेष वेळा’ भरता येतात. संध्याकाळी पाच ते पहाटे चार अशी मध्यरात्र ओलांडणारी वेळही चालते, फक्त ती आदल्या तारखेच्या खात्यात भरावी लागते. भरलेला बदल कधी लगेच दिसतो, कधी तपासणीत अडकतो, तेव्हा चाँदरातीची वाट पाहण्यापेक्षा आधीच भरून ठेवावं आणि तारीख एका दिवसाने हलली तर तेवढी दुरुस्त करावी. दिवसा हॉटेल बंद असतं म्हणून काही जण ‘तात्पुरते बंद’ हे बटण दाबून मोकळे होतात. त्याने दिवसाचं नव्हे, रात्रीचंही हॉटेल बंद दिसतं.

मग शब्द. इथे भाषेच्या माणसाला गप्प बसवत नाही. ‘खलिया’ हा उर्दूतला ‘क़लिया’. इंग्रजीत लिहिताना कोणी ‘के’ वापरतं, कोणी ‘के-एच’, आणि ज्याच्या मनात उर्दूचा काफ आहे तो ‘क्यू’. ‘नान’मध्ये ए एक की दोन, हा आणखी वेगळा वाद. मराठी वाचक देवनागरीत शोधेल, तेही ‘खलिया’ किंवा ‘कलिया’. सहेरी, सेहरी, सहरी यांची कथा तीच. गुगल आता बऱ्याच स्पेलिंगांची सांगड घालू शकतं, पण पदार्थाचं नाव प्रोफाइलमध्ये कुठेच नसेल, नुसतं ‘रेस्टॉरंट’ एवढंच असेल, तर ते तरी काय जुळवणार? वर्णनासाठी ७५० अक्षरांची जागा असते. त्यात मराठी आणि इंग्रजी दोन्हींत चार सरळ वाक्यं लिहावीत : काय मिळतं, कुटुंबाला बसायला जागा आहे का, शाकाहारी काही आहे का, गाडी कुठे लावायची. सिडकोहून येणाऱ्याच्या मनातले प्रश्न हेच असतात आणि बहुतेकदा तो ते संकोचाने विचारत नाही. मेन्यूचा स्वच्छ फोटो आणि किमती टाकल्या तर अर्धा संकोच तिथेच संपतो. राज्यात २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली. रस्त्यावरची पाटी मराठीत आली, मोबाइलवरची माहिती अजून अनेकांची इंग्रजीतच आहे. दुकानाच्या नावापुढे मात्र ‘बेस्ट, फेमस, नंबर वन’ अशी शेपटं लावू नयेत. पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर असावं, असा गुगलचा नियम आहे. तो मोडला तर प्रोफाइल निलंबितही होऊ शकतं.

शहराच्या नावाचाही पेच आहे. २०२३मध्ये अधिकृत नाव बदललं, पण बाहेरगावचं गिऱ्हाईक आजही दोन्ही नावांनी शोधतं. जुन्या नावाचा एक जिल्हा बिहारमध्ये आहे आणि ‘संभाजीनगर’ नावाच्या वसाहती चिंचवडपासून कोल्हापूरपर्यंत आहेत. पत्त्यात आजचं पूर्ण नाव आणि ४३१००१ सारखा आपला पिनकोड असला की घोळ टळतो. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखे ठेवावेत. ‘मशिदीच्या मागे, पिंपळासमोर’ असा पत्ता असणाऱ्या गल्लीत नकाशावरची खूण बरोबर दारावर आहे का, हे स्वतः चालत जाऊन पाहिलेलं बरं.

राहिले रिव्ह्यू. नावाजलेपण बऱ्याच अंशी इथून येतं आणि गैरप्रकारही इथेच सर्वाधिक आहे. भाच्या-पुतण्यांकडून पाच-पाच तारे, ‘रिव्ह्यू टाका, शरबत फुकट’ अशा चिठ्ठ्या, शेजाऱ्याच्या दुकानाला मुद्दाम एक तारा. हे सारं गुगलच्या नियमांत बसत नाहीच, रमजानमध्ये तर त्याचा विचार आणखी वेगळा करायला हवा. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, तर आतलं धान्य ओलं लागतं. पावसाने भिजलं, असं विक्रेता सांगतो. मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असा त्यांचा सवाल असतो. खोटा रिव्ह्यू म्हणजे ओल्या धान्यावर पसरलेला कोरडा थरच. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी तो पसरायचा, हे रोज्यात बसत नाही. त्यापेक्षा जेवून खूश झालेल्या पाहुण्याला ‘जमलं तर दोन ओळी लिहा’ असं सांगावं, कोणी तक्रार केली तर तिला नीट उत्तर द्यावं. नम्र उत्तर वाचून येणारं गिऱ्हाईक कमी नसतं.

या दिवसांत आणखी एक फोन दुकानदारांना येतो : ‘गुगलवरून बोलतोय, पैसे भरा नाहीतर तुमचं लिस्टिंग निघेल’, किंवा ‘पहिल्या नंबरवर आणण्याची हमी.’ प्रोफाइलला पैसे लागत नाहीत, आणि नकाशावरच्या साध्या यादीतला क्रमांक पैसे देऊन मिळत नाही. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. ओटीपी तर कोणालाही सांगू नये. पैसे घेऊन हे काम प्रामाणिकपणे करणारेही आहेत, पण लहान दुकानाला त्यांची गरज क्वचितच पडते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला इफ्तारनंतर बसवलं तर बरंचसं काम त्याच रात्री होतं. प्रोफाइल नवीन असेल तर पडताळणीसाठी दुकानाचा व्हिडिओ काढावा लागू शकतो, तेवढी सवड ठेवावी.

शेवटच्या दहा दिवसांत हॉटेलांइतकीच शिरखुर्म्याचा सुकामेवा, अत्तर, चुडी आणि शिंप्यांची दुकानं शोधली जातात. त्यांच्या वेळाही रात्रीत सरकतात, तेव्हा त्यांनीही हे आताच करून घ्यावं. वेळा तारीखवार भरल्या असतील तर ईदनंतर त्या आपोआप संपतात. नेहमीच्या वेळाच बदलल्या असतील, तर बासी ईदला एकदा मोबाइल उघडून त्या पूर्ववत कराव्यात.