तीन तंबोरे आणि एक नात

पिंपळगाव बसवंतला आमच्या घरी तंबोऱ्याच्या तीन पिढ्या नांदतात. थोरला मिरजेचा, सासूबाईंच्या वेळचा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत ही कला रुजवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मधला विजेवरचा डबा. बंगलोरच्या राज नारायण यांनी असा डबा १९७९ साली प्रथम काढला. धाकटा मोबाईलमधला.

गोडव्यात थोरल्याला तोड नाही. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला की जवारी उघडते आणि खोली भरून जाते! पण हवा पालटली की स्वारी उतरते. डबा मात्र बारा महिने सुरात.

मग नातीने कशावर शिकावे? सूनबाई म्हणतात, “आई, शाळा-शिकवणीतून तारा जुळवायला वेळ कुठला?” मी म्हणते, “अगं, तारा जुळवणे हाच पहिला धडा. डबा सूर देईल, कान कसा देईल?”

अखेर तह झाला: आठवडाभर डबा, रविवारी तंबोरा. गेल्या रविवारी खर्जाची तार उतरल्याचे नातीने माझ्याआधी ओळखले. सूनबाईंनी मुकाट्याने डबा कपाटात ठेवला.