पासबुक कुणाच्या खिशात?

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीहून भवानीनगर, सणसरकडे निघते, तेव्हा या रस्त्यावर म्हाताऱ्या वारकऱ्यांना चहा पाजणारे, पाय चेपून देणारे हात कमी पडत नाहीत. चांगलीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न एवढाच, की पालखी पुढे गेल्यावर घरच्या म्हातारीने घोटभर चहा मागितला, तर त्याबरोबर तिला काय काय ऐकावे लागते?

छळ म्हटला की आपल्याला काठी आठवते. घरातला छळ बहुधा मुका असतो. चष्म्याची काडी सहा महिने तुटलेलीच असते. रक्तदाबाची गोळी संपलेली असते. पाहुणे आले की म्हातारी मागच्या खोलीत जाते. कसे आहात म्हणून विचारावे, तर म्हातारा आधी मुलाच्या तोंडाकडे पाहतो आणि मग 'बरं हाय' म्हणतो. घरात सगळेच अर्धपोटी असतील, तर ती गरिबी. सगळे जेवले आणि एकच ताट राहिले, तर तो छळ.

बागायतदाराच्या घरात भांडण सातबाऱ्याचे असते. आमच्या वस्तीत सातबाराच नाही, मग लुटणार काय? तर पासबुक. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये. २०२३ पर्यंत तर ते १००० च होते. (आईबापांना कावडीतून वाहणाऱ्या मुलाचे नाव योजनेला दिले आणि कावड सरकारने एवढ्या पैशांत उचलली!) जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्रावर अंगठा उमटत नाही. हयातीचा दाखला, आधार जोडणी, बँकेची खेप, सगळ्याला कुणीतरी सोबत लागते. सोबत नेणाऱ्याच्या खिशात पासबुक जाते ते परत येत नाही. बोल मात्र सुनेला लागतो. खिसा बहुधा लेकाचा असतो.

ही गोष्ट आम्ही विहारात बोलत नाही. गावाने केलेल्या अन्यायाविरुद्ध मोर्चा काढतो, घरातला अन्याय मात्र 'घरची अब्रू' म्हणून झाकतो. सुत्तनिपातातले वसल सुत्त आम्हाला ठाऊक आहे. जन्माने कुणी हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, हे त्यातले आम्ही भाषणात नेहमी सांगतो. त्याच सुत्तात आईवडिलांना, सासूसासऱ्यांना मारणारा किंवा शब्दांनी छळणारा वसल ठरवला आहे. शब्दांनीसुद्धा! ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना न पोसणाराही त्यात आहे. तेवढा भाग भाषणातून कसा गळतो?

कायदा २००७ चा आहे. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. साठी ओलांडलेल्याला, आणि आईबापांना तर वयाची अटही न ठेवता, मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. इंदापूर तालुक्याचे प्रांत कार्यालय बारामतीला आहे. वकील लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन मग न सांभाळणाऱ्याचा दस्त रद्द होतो. मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये असेच रद्द केले.

पण म्हातारी लेकाविरुद्ध अंगठा देईल का? बहुधा नाही देणार. त्याला पोलीस नेतील, नातवंडे तुटतील, ही भीती तिला भुकेपेक्षा मोठी वाटते. तिने अधिकार दिला तर दुसऱ्या कुणालाही, संस्थेलाही तिच्या वतीने अर्ज करता येतो. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. १४५६७ या क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत.

त्याआधीही एक काम करता येईल. पगार जमा होतो त्या आठवड्यात महिला मंडळाच्या दोघीजणींनी म्हातारीला बँकेत न्यावे, पैसे तिच्या हातात मोजून द्यावेत आणि पासबुक तिच्याच पिशवीत ठेवून तिला घरी आणून सोडावे. लेकाने विचारले, तर दोघींनी दारातच थांबून उत्तर द्यावे.