कवटीची शिवण वेळेआधी जुळते तेव्हा

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. तिच्या सुट्या हाडांमध्ये लवचीक शिवणी असतात आणि पुढच्या शिवणी जिथे मिळतात, तिथे टाळू लागते. जन्मवेळी सुमारे ३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४६ च्या आसपास पोहोचतो, तो शिवणी मोकळ्या असतात म्हणूनच. साधारण दोन-अडीच हजार बाळांमागे एकाची एखादी शिवण अकाली जुळते. या विकाराला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात.

जुळलेल्या शिवणीच्या काटकोनात कवटी वाढत नाही. मेंदू मोकळ्या बाजूला जागा करून घेतो. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८५१ मध्ये हा नियम मांडला. मधोमध पुढून मागे जाणारी शिवण जुळली, की डोके अरुंद आणि लांबट होते. निम्म्याच्या आसपास रुग्ण याच प्रकारचे. कपाळावरची जुळली, तर कपाळ त्रिकोणी होते. काही बाळांत मेंदूवरचा दाबही वाढतो.

प्रत्येक चपट्या डोक्याला मात्र शस्त्रक्रिया लागत नाही. एकाच बाजूला डोके ठेवून झोपणाऱ्या बाळाचे डोके मागून चपटते आणि त्या बाजूचा कान पुढे सरकतो. शिवण जुळलेली नसते. कूस बदलत राहिल्याने आणि जागेपणी पालथे ठेवल्याने ते बहुधा सुधारते. उलट, जुळलेली शिवण राईच्या उशीने किंवा मालिशने सुटत नाही. बोट फिरवले तर तिथे बऱ्याचदा कडक उंचवटा लागतो.

बाळ तीन-चार महिन्यांचे असेल, तर दुर्बिणीतून, लहान छेदांतून जुळलेली पट्टी काढता येते. अमेरिकेत हिमेनेझ आणि बरोन यांनी १९९८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर काही महिने दिवसातले जवळजवळ २३ तास हेल्मेट घालावे लागते. घरच्यांची खरी कसोटी तिथे लागते. सहा महिने ते वर्षापर्यंतच्या बाळात बहुधा कवटी उघडून हाडे कापतात, नव्याने आकार देतात आणि विरघळणाऱ्या पट्ट्यांनी बसवतात. सात किलोच्या बाळात एकूण रक्त जेमतेम अर्धा लिटरभर असते. म्हणून भूलतज्ज्ञ थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतात आणि रक्त आधीच तयार ठेवले जाते.

लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत डोक्याचा घेर मोजून घ्या. आकाराची शंका असेल, तर ‘मोठे झाल्यावर होईल नीट’ म्हणून थांबू नका. तिसरा महिना उलटण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.