गुडघ्याची गादी, कोलॅजन आणि ‘नवी कूर्चा’: पैसे भरण्याआधी समजून घ्या

‘डॉक्टरांनू, गुडघ्यातलां वंगण संपलां काय?’ भातलावणी उरकली की फोंडाघाटच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोज एकदा तरी येतो. अलीकडे त्यासोबत मुंबईहून मुलाने पाठवलेला कोलॅजन पावडरचा डबा असतो, नाहीतर ‘गुडघ्यात नवी गादी बसवा’ असा मोबाइलवर आलेला व्हिडिओ. तुमच्या घरातही असं काही आलं असेल, तर गुडघ्यात नेमकं काय असतं ते आधी बघू.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्ही टोकांवर साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर असतो. हीच कूर्चा. तिच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग नुसतं पाणी असतो. मग ती माणसाचा भार पेलते कशी? काथ्याच्या घट्ट विणलेल्या पिशवीत साबुदाणा भरून ती पाण्यात ठेवली आहे, असं समजा. साबुदाणा पाणी पिऊन फुगू पाहतो, पिशवी फुगू देत नाही, आणि या ओढाताणीत पिशवी टणक होते. कूर्चेत काथ्याचं काम कोलॅजनचे धागे करतात आणि साबुदाण्याचं काम प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू. पाऊल टाकलं की आतलं पाणी दाबलं जातं. ते चटकन बाहेर पळू शकत नाही, म्हणून बराचसा भार तेच उचलतं. पाऊल उचललं की बाहेर झिरपलेलं पाणी परत आत शिरतं.

कोलॅजनचा हा धागा वेणीसारखा तिपेडी असतो. ही रचना मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली, आणि त्यासाठी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली होती!

आता भाराचं गणित. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिने चढता-उतरताना त्याहून जास्त. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईच्या गुडघ्यावर प्रत्येक पावलाला १५० किलोच्या आसपास. डोक्यावर भारा घेऊन घाटीच्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरल्या, तर किती ते तुम्हीच बघा.

हाड मोडलं तर जुळतं, कारण त्यात रक्तवाहिन्या असतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही हालचालीमुळे. म्हणूनच ‘गुडघा दुखतो, आता पाय हलवायचाच नाही’ हा सल्ला चुकीचा. आणि म्हणूनच एकदा फाटलेली कूर्चा आपोआप पूर्ववत भरून येत नाही. तिला संवेदना देणाऱ्या नसाही नसतात, त्यामुळे सुरुवातीची झीज कळतच नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर.

पावडरचं थोडक्यात सांगतो. तोंडाने घेतलेलं कोलॅजन पोटात पचतं, त्याचे बारीक तुकडे होतात, आणि ते गुडघ्यातच जावेत अशी काही सोय शरीरात नाही. काही छोट्या अभ्यासांत दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसलं आहे, पण त्याने झिजलेली कूर्चा परत उगवते हे सिद्ध झालेलं नाही. घेतल्याने सहसा अपाय होत नाही. डबा घरात आलाच असेल तर संपवा, पण पुढच्यासाठी उसने पैसे काढू नका.

‘नवी कूर्चा’ मात्र थाप नाही. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत गुडघ्यात बसवल्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे या पेशी कोलॅजनच्या पातळ पडद्यावर वाढवून तो पडदाच बसवायची पद्धत आली. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. तो पडदा डुकरापासून मिळवलेल्या कोलॅजनचा असतो. धर्म किंवा आहाराच्या दृष्टीने तुम्हाला हे महत्त्वाचं वाटत असेल, तर ‘कोलॅजन कुठलं?’ हे शस्त्रक्रियेआधी मोकळेपणाने विचारा. आपल्याकडेही स्वतःच्या पेशी वाढवून बसवण्याच्या उपचाराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली आहे.

पण हा उपचार कोणासाठी? रस्त्यावर एकच खड्डा पडला असेल तर तो बुजवता येतो, सगळा रस्ताच उखडला असेल तर नाही. खेळताना किंवा अपघातात कूर्चेचा एखादा तुकडा निघालेल्या, बाकीचा गुडघा चांगला असलेल्या तरुण रुग्णासाठी हा उपचार आहे. पेशी वाढायला काही आठवडे, मग काही आठवडे कुबड्या, आणि जोराचे खेळ पुन्हा खेळायला साधारण वर्ष. साठी-सत्तरीतल्या, सगळीकडून झिजलेल्या आणि वाकलेल्या गुडघ्यासाठी तो नाही. नेमका हा फरक व्हिडिओत सांगत नाहीत.

इथे माझीही एक चूक सांगतो. कबड्डी खेळताना गुडघा मुरगळलेला एक मुलगा आला होता. एक्स-रे चांगला होता, मी पट्टी आणि गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा गुडघा मधेच अडकत होता. साध्या एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. अशा गुडघ्याला आता मी दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबवत नाही. तुमच्या मुलाचा गुडघा दुखापतीनंतर सुजत असेल, अडकत असेल किंवा दगा देत असेल, तर तुम्हीही थांबू नका. कोल्हापूर किंवा बांबोळी, जे सोयीचं असेल तिथे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आई-वडिलांच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी खरं काम करतात त्या साध्या गोष्टी. वजन जास्त असेल तर एक किलो कमी केल्याने गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोने उतरतो, असं अभ्यासात दिसलं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम रोज करायचा: खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहा आकडे मोजा, खाली ठेवा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात. विळीवर खाली बसण्याऐवजी ओट्यावर सुरी, आणि शौचाला कमोडची खुर्ची. एवढं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर गुडघा बदलण्याचा विचार करायला हरकत नाही. २०१७ पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारी योजनेत खर्च बसतो का, तेही दाखल होण्याआधी विचारा.

तपासायला जाताना एक्स-रे उभं राहून काढलेला न्या. झोपून काढलेल्यात झीज कमी दिसते. आणि गुडघा अचानक लाल, गरम झाला, सोबत ताप आला, तर तो झिजेचा त्रास समजून घरी शेकत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या.