डॉक्टर, माझ्या मागावर कोणीतरी आहे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कामाच्या ताणाने थकून गेले आहेत. मन मोकळे करायला त्यांना कोणीतरी हवे आहे, म्हणून गुप्तचर खाते न्यूयॉर्कमधला एक हुशार मनोविश्लेषक हेरते : डॉ. सिडनी शेफर. थेट व्हाइट हाउसपर्यंत भुयार असलेले घर त्याला मिळते. बोलावणे आले की रात्री-अपरात्री हजर व्हायचे, एवढीच अट. डॉक्टर आधी हरखून जातो. मग त्याच्या लक्षात येते, की जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाची गुपिते आपल्या डोक्यात साठत चालली आहेत आणि आपण मात्र कोणाजवळ चकार शब्द काढू शकत नाही. सुरक्षेच्या कारणाखाली त्याला स्वतःसाठी डॉक्टर गाठायलाही मनाई आहे.

‘द प्रेसिडेंट्स अ‍ॅनालिस्ट’ हा चित्रपट 1967च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. लेखन-दिग्दर्शन थिओडोर फ्लिकर यांचे आणि शेफरच्या भूमिकेत जेम्स कोबर्न. शीतयुद्धावरच्या विनोदी चित्रपटांचा विषय निघाला, की स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 1964च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’चे नाव हमखास घेतले जाते. फ्लिकर यांचा चित्रपट फारसा कोणाला आठवत नाही. त्या काळातल्या भयगंडाची नस मात्र त्याने फार अचूक पकडली होती.

शेफरला वाटू लागते, की आपल्यावर पाळत आहे. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याला हेर वाटतो. मनोविश्लेषक असल्यामुळे या लक्षणाला काय म्हणतात ते त्याला नेमके ठाऊक आहे. चित्रपटाची खरी गंमत पुढे आहे : त्याची शंका शंभर टक्के खरी निघते. ज्या प्रेयसीवर त्याने विश्वास टाकला, तीही गुप्तचर खात्याचीच. तो पळ काढतो आणि त्याच्या डोक्यातली माहिती मिळवण्यासाठी किंवा कायमची मिटवण्यासाठी अनेक देशांचे हेर त्याच्या मागे लागतात.

एफबीआय आणि सीआयए या संस्थांना चित्रपटात ‘एफबीआर’ आणि ‘सीईए’ अशी नावे आहेत. एफबीआरची माणसे झाडून सगळी बुटकी आणि एकाच साच्यातली. सीईएची माणसे प्राध्यापकी थाटाची. चित्रीकरणाच्या वेळी संवादांत खरीच नावे होती, नवी नावे नंतर डबिंग करून घातली गेली. कान देऊन ऐकले, तर ते जोडकाम कळते. पॅरामाउंटचे तेव्हाचे निर्मितिप्रमुख रॉबर्ट इव्हान्स यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की एफबीआयचा माणूस त्यांना भेटून गेला होता आणि त्यानंतर आपल्या फोनवर पाळत राहिली.

भीती फक्त सरकारी कचेऱ्यांत नसते, हे दाखवणारा एक प्रसंग आवर्जून पाहावा असा आहे. पळालेला शेफर क्वान्ट्रिल नावाच्या मध्यमवर्गीय कुटुंबाकडे आसरा घेतो. घरचा कर्ता स्वतःला उदारमतवादी म्हणवतो, नागरी हक्कांच्या बाजूने बोलतो. पण त्याच्या घरात ठिकठिकाणी पिस्तुले आहेत, बायको कराटे शिकते आहे आणि मुलगा चोरून फोन ऐकतो. हसतमुख, शेजारी म्हणून हवीहवीशी वाटणारी ही माणसे सतत हल्ल्याच्या तयारीत जगतात.

दुसरा प्रसंग माळावरचा. शेफर एका हिप्पी मुलीबरोबर उंच गवतात रमला आहे. सभोवार निरनिराळ्या देशांचे मारेकरी दबा धरून बसले आहेत. एक जण नेम धरतो, तेवढ्यात दुसरा त्याचा काटा काढतो. दुसऱ्याला तिसरा गाठतो. गाणे चालू राहते आणि एकामागून एक मारेकरी गवतात आडवे होतात. शेफरला यातले काहीच कळत नाही.

शेवटी खरा खलनायक समोर येतो तेव्हा तो ना रशियन असतो, ना अमेरिकन सरकारचा. ती असते टेलिफोन कंपनी! शेफर फोन करायला बूथमध्ये शिरतो, दार बंद होते आणि त्याच्यासकट अख्खा बूथच उचलून नेला जातो. कंपनीचा हसरा अध्यक्ष त्याला योजना समजावून सांगतो : प्रत्येकाच्या मेंदूत एक सूक्ष्म यंत्र बसवायचे आणि नावाऐवजी प्रत्येकाला नंबर द्यायचा. तारा नकोत, खांब नकोत. फक्त तसा कायदा व्हायला हवा आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्षांचे मन वळवायला शेफर हवा.

त्या वेळच्या प्रेक्षकाला हे दूरचे वाटले नसेल. अमेरिकेतली बहुतेक टेलिफोन सेवा एटी अँड टीच्या हातात होती आणि घरातले फोनयंत्रसुद्धा भाड्याचे असे. फोन नंबरांत एक्स्चेंजच्या नावांऐवजी नुसते आकडे आले, तेव्हा 1962मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नागरिकांनी त्याविरुद्ध संघटना काढली होती. ही मक्तेदारी मोडली ती 1984मध्ये.

गुप्तचरांबाबत तर पुढच्या काही वर्षांत वास्तवच चित्रपटाच्या वाटेने गेले. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे डॅनियल एल्सबर्ग यांनी फोडल्यावर, सप्टेंबर 1971मध्ये व्हाइट हाउसच्या माणसांनी त्यांच्याविरुद्ध काही सापडते का हे पाहायला घरफोडी केली, तीही त्यांच्या मनोविश्लेषकाच्या दवाखान्यात. 1975मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने चौकशी सुरू केली आणि एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर ठेवलेल्या पाळतीसारखी प्रकरणे तपशिलाने नोंदवली. शेफरच्या ज्या भीतीवर प्रेक्षक हसले होते, तिला आता सरकारी अहवालांचा आधार मिळाला.

भयगंडाची टर उडवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. फ्लिकर यांचे मोठेपण असे, की भ्यालेल्या माणसाचे म्हणणे ते ऐकून घेतात. रशियन हेर क्रोपोत्किन शेफरला पळवून नेत असतो, तेव्हा शेफर त्याला त्याच्या वडिलांबद्दल बोलते करतो. बघता बघता अपहरणकर्ता रुग्ण होतो. डॉन मास्टर्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन हेर तर आधीपासूनच शेफरचा रुग्ण. लहानपणी वर्णद्वेषाचा पहिला घाव कसा बसला, हे तो सांगतो तेव्हा विनोदवीर गॉडफ्रे केंब्रिज यांचा चेहरा पाहत राहावा. शत्रुराष्ट्रांचे हे दोन हेर एकमेकांचे जुने स्नेही आहेत आणि शेफरला कंपनीच्या तावडीतून सोडवायला दोघे मिळूनच येतात.

फ्लिकर उत्स्फूर्त नाट्याच्या चळवळीतून आले होते. न्यूयॉर्कमधले ‘द प्रिमाइस’ हे नाट्यगृह त्यांचे. पुढे चित्रपटसृष्टीत त्यांचा जम बसला नाही. ‘बार्नी मिलर’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे ते एक जनक झाले, उतारवयात शिल्पकलेकडे वळले आणि 2014मध्ये वारले. ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ पाहिलेल्या प्रत्येकाने त्यांचा हा चित्रपटही पाहायला हवा : तिथे बॉम्बची भीती आहे, इथे शेजाऱ्याची आणि हातातल्या फोनची.