हिमनदीचें घनफळ विमानांतून कसें मोजतात?

अमुक हिमनदी इतकी मागें हटली, असें वृत्तपत्रांतून आपण वाचतों. पण तें तिच्या लांबीचें माप झालें. कित्येकदां हिमनदीचें टोंक जागच्या जागीं राहतें आणि तिची पाठ मात्र वरून खालीं खचत जाते. म्हणून बर्फ किती गेला हें ठरवावयाचें तर पृष्ठभागाची उंची ठाऊक पाहिजे.

ती छायाचित्रावरून कशी कळावी? आंगठा नाकासमोर धरून आळीपाळीनें एकेक डोळा मिटून पाहा. आंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसेल. जवळ आणाल तितका अधिक सरकेल. विमान एकाच प्रदेशाचीं दोन जागांवरून चित्रें घेतें, तेव्हां त्या दोन जागा म्हणजे जणूं दोन डोळेच. शिखर विमानास जवळ, तें अधिक सरकतें, दरी कमी. या फरकावरून स्थळोस्थळची उंची काढतात. कांहीं वर्षांनीं पुन्हां तसेंच करून वजाबाकी करावी व क्षेत्रफळानें गुणावें. गणित चौथीच्या मुलाचें, पण अवधान मोठें! एक मीटरची चूक एका चौरस किलोमीटरवर पसरली कीं दहा लाख घनमीटरांची होते. म्हणून भोंवतालचे उघडे खडक साक्षीला घेतात. त्यांची उंची दोन्ही वेळीं एकच आली पाहिजे. ताज्या शुभ्र हिमावर मात्र खूणच नसते. तोच बिंदु दोन्ही चित्रांत ओळखावा कसा? तेथें ही रीत लंगडी पडते.

नॉर्वेच्या उत्तरेस आर्क्टिक समुद्रांत स्वालबार्ड नांवाचीं बेटें आहेत. तेथें १९३६ व १९३८ सालीं नॉर्वेच्या सर्वेक्षकांनीं विमानांतून तिरपीं छायाचित्रें घेतलीं, तीं नकाशे करण्यासाठीं. उपग्रहांचीं मापें अलीकडच्या कांहीं दशकांचींच. त्यामागचा काळ पाहावयास असा जुना दप्तरखानाच हवा. संशोधकांनीं तीं चित्रें संगणकानें जुळवून १,५९४ हिमनद्यांचें १९३६ मधील रूप उभें केलें आणि २०१० च्या सुमाराच्या मोजणीशीं ताडलें. त्यांचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला : पृष्ठभाग सरासरीनें दरवर्षीं सुमारें ३५ सेंटिमीटर खचला आहे. पाऊणशें वर्षांत ही सात-आठ मजली इमारतीची उंची झाली! थंड व उष्ण भागांतील हिमनद्यांची तुलना करून त्यांनीं पुढचाही अंदाज बांधला. २१०० पर्यंत हा वेग साधारण दुप्पट व्हावा, असें त्यांचें गणित सांगतें.