दोनदा विणलेलं रेशीम

जपानच्या दक्षिणेला, कागोशिमा प्रांतात, आमामी ओशिमा हे बेट आहे. इथल्या ‘ओशिमा त्सुमुगी’ या रेशमी कापडाचा काळा-तपकिरी रंग चिखलातून येतो. तेचिगी नावाच्या झाडाचं लाकूड तासन्‌तास उकळून त्याचा लालसर काढा करतात. रेशमाच्या लडी त्यात पुन्हा पुन्हा बुडवायच्या, पिळायच्या आणि मग रंगाऱ्याने खाचरात उतरून त्या चिखलात घोळवायच्या. काढ्यातलं टॅनिन आणि मातीतलं लोह एकत्र आलं की धागा काळवंडतो. एका फेरीत रंग चढत नाही; हवी ती छटा येईपर्यंत अशा कितीतरी फेऱ्या होतात. चिखलातलं लोह कमी पडलं, तर खाचरात सायकसची पानं टाकतात.

१७२० मध्ये, बेटावर सत्ता असलेल्या सात्सुमाच्या राज्यकर्त्यांनी तिथल्या सामान्यांना हे कापड वापरायला बंदी केली. तेव्हा कुणीतरी ते खाचरात लपवलं आणि काढून पाहतो तर सुरेख काळं झालेलं, अशी गोष्ट आजही सांगतात.

पण खरी कमाल आहे ती नक्षीची. ती कापडावर छापत नाहीत. विणण्याआधीच धाग्यांवर उतरवतात. पाटणच्या पटोळ्यासाठी धागे हाताने बांधून रंगवतात, तसंच पूर्वी आमामीतही करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एक वेगळा माग आला. त्यावर रेशमाचे जुडगे सुती धाग्यांनी इतके घट्ट आवळून विणतात, की सुताखालच्या रेशमाला रंग शिवतही नाही. त्याला अंगात जोर लागतो, म्हणून हे काम बहुधा पुरुषांकडे असतं. तयार झालेली ही रेशमाची ‘चटई’ रंगवायची आणि मग अख्खी उसवायची! हाती येतात बारीक ठिपक्यांचे धागे. तेच दुसऱ्या मागावर चढतात.

या मागावर बहुतेक बायका बसतात. काही सेंटिमीटर विणून झाले, की विणकरीण ताणा सैल करते आणि सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवून ठिपक्यावर ठिपका जुळवते. पुन्हा ताणा ओढायचा, पुन्हा विणायचं. किमोनोला असं सुमारे १२ मीटर कापड लागतं. सगळी कामं धरून एका ताग्याला सहा महिने सहज जातात आणि किंमत लाखो येनांत जाते.

एवढं असूनही जपानी लग्नसमारंभात हा किमोनो चालत नाही. तिथे आधी पांढरं विणून मग रंगवलेलं रेशीम लागतं. त्सुमुगी हे मुळात खेड्यातल्या हातकताईच्या जाड्याभरड्या रेशमाचं कापड. ओशिमा त्सुमुगीत आता गुळगुळीत अखंड धागा वापरतात, तरी रिवाज बदललेला नाही. त्यामुळे हा महागडा किमोनो घालून लोक नाटकाला जातात, जेवायला जातात.